केसाएवढी रेघ

नंदीबाबूंनी गुंडाळी सोडली, आतला कागद बाजूला ठेवला आणि वरचं वेष्टणच दोन्ही हातांत धरून बघत बसले, तेव्हा श्यामरावांना आधी हसूच आलं. मालकांचा चष्मा बदलायला झालाय, असं त्यांना वाटलं.

"बाबू, तो कागद नुसता गुंडाळायला घेतलेला आहे. अक्षरं आत आहेत," ते म्हणाले.

"असं?" नंदीबाबू म्हणाले, पण मान काही वर झाली नाही.

श्यामराव वाट बघत उभे राहिले. बाजूला पडलेल्या त्या आतल्या कागदावर त्यांचं वर्ष-दीड वर्ष होतं. नंदीबाबूंच्या टाइप फाउंड्रीत ते ठसे कोरायचं काम करत, मिसरूड फुटायच्या आधीपासून. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ती कांडी तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतून छापखान्याचे खिळे काढायचे, असा तो धंदा. त्यातलं कोरणं श्यामरावांचं. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरकडून कलकत्त्याला आले आणि लवकर वारले. पोराला शाळा अशी मिळालीच नाही. अक्षरं वाचता येण्याआधी त्याला ती कोरता येऊ लागली. वाचायला ते शिकले लग्न झाल्यावर, कालिंदीबाईंकडून, चुलीपाशी पाट मांडून. नवरा पाटीवर अक्षर काढायचा ते उलटंच उमटायचं, आणि बायको पदर तोंडाला लावून हसायची.

आजवर त्यांनी कोरलं ते सगळं दुसऱ्यांचं. विलायतेहून आलेले खिळे समोर ठेवायचे आणि हुबेहूब उतरवायचे. पण स्वातंत्र्यानंतर बाहेरचा माल मिळणं जड जाऊ लागलं, आणि इकडे सराफांना, लग्नपत्रिका छापणाऱ्यांना, नाटकवाल्यांना तर मथळ्यासाठी तीच नखरेल इंग्रजी अक्षरं हवी होती. उभा दांडा खांबासारखा भरीव, त्याला जोडणारी रेघ केसाएवढी, आणि टोकांना नथीच्या तारेसारखे बारीक सपाट पाय. अशी अक्षरं पत्रिकेवर असली की लग्न श्रीमंताघरचं वाटतं. नंदीबाबू एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, "श्यामबाबू, आपणच काढू या. आपल्या फाउंड्रीचं पहिलं स्वतःचं अक्षर. आणि जो काढेल त्याचंच नाव त्या अक्षराला."

त्या दिवसापासून श्यामरावांच्या मनात ते नाव घोळत होतं. 'श्याम'. नमुन्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर, मोठ्या टाइपात. बागबाजारहून सुटणाऱ्या ट्राममध्ये बसलं की ते मनातल्या मनात ते नाव म्हणून बघत.

"हे कुणी काढलं?" नंदीबाबूंनी विचारलं.

आता श्यामरावांनी वेष्टणाकडे नीट पाहिलं. त्यांचाच एक बिघडलेला कागद होता, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं काढून शाईनं भरली होती. 'ए' एका पायावर भार टाकून उभा होता, दुसरा पाय नुसता टेकवलेला. 'एस' वळता वळता मध्येच भरत गेला होता आणि टोकाला येईपर्यंत विरून गेला होता. कुठं जाड संपतं आणि कुठं बारीक सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. श्यामरावांच्या कागदावर ते दाखवता येत होतं. तिथं जाड होतं, बारीक होतं, आणि दोन्हींच्या मध्ये सांधा होता, लाकडाला असतो तसा.

'मीच काढलं' हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. कुणाला कळलं असतं? पण कागदाच्या कोपऱ्यात एका मांजराचं चित्रही होतं, आणि मांजर काही श्यामरावांनी काढलं असतं असं कुणी मानलं नसतं.

"मुलगी काढते," ते म्हणाले. "घरी बसून रेघोट्या मारत असते."

"रेघोट्या!" नंदीबाबू मोठ्यानं हसले. "अहो, हा 'आर' बघा. पाय कसा पुढं टाकलाय, नाचणारीनं टाकावा तसा! नाव काय म्हणालात मुलीचं?"

"शैला."

"शैला," नंदीबाबूंनी म्हणून पाहिलं. मग त्यांना आतल्या कागदाची आठवण झाली. तो त्यांनी पुढ्यात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. "तुमचंही चांगलंच आहे, श्यामबाबू. मजबूत आहे. पण हे बघितल्यावर… तुम्हीच सांगा. आणि कोरणार तर तुम्हीच. तुमच्याशिवाय हे पोलादात कोण उतरवणार?"

घरी जाताना ट्राममध्ये श्यामरावांनी एकच विचार चघळला. पोरीनं हे मुद्दाम केलं. आपला कागद मालकांसमोर जाणार हे तिला ठाऊक होतं. गुंडाळी आधी बाहेरून उघडते, हेही तिला कळत असणारच. मॅट्रिक झालेली मुलगी. बालीगंजला बदलून आलेल्या मराठी साहेबांच्या मुलांना मराठीची शिकवणी देते, चार मोठ्या घरांत जाते-येते. तिथंच शिकली असेल हे.

दारातून आत येताच त्यांनी चप्पलही न काढता विचारलं, "सकाळी माझा कागद कुणी गुंडाळला?"

"मी," कालिंदीबाई आतून म्हणाल्या. "का? तरी चुरगळला? गर्दीत चुरगळेल म्हणून तर वर दुसरा लावला."

"तो शैलाचा होता."

"असेल. हाताला लागला तो घेतला. तुमची मुलगी घरात एक कागद कोरा ठेवील तर शपथ."

श्यामरावांनी चप्पल काढली. संशय होता तोवर रागाला बसायला जागा होती. आता तीही गेली, आणि उरलं ते काय आहे, याचं नाव त्यांना घ्यावंसं वाटेना. त्यांनी झालेली हकीकत सांगून टाकली, भाजीचा भाव सांगावा तशी.

कालिंदीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. शैला मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. "आणि बाबा, तुमचं?"

"माझं मजबूत आहे म्हणाले."

"मजबूत?" कालिंदीबाईंना हसू आवरलं नाही. "अक्षर आहे की पलंग?"

दुसरं कुणी हसलं नाही. शैला हळू आवाजात म्हणाली, "मी नको म्हणू का, बाबा? मी आपलं गंमत म्हणून काढलं होतं. तुम्ही म्हणाल तर उद्या येऊन सांगते त्यांना."

हे तर त्याहून वाईट होतं. पोरीनं आपल्या ताटातलं उचलून आपल्याला वाढावं, आणि तेही आपण भुकेले दिसतो म्हणून!

"मालकांनी ठरवलंय," श्यामराव म्हणाले. "आपण कोण नको म्हणणारे? वाढा."

काम सुरू झालं. शैलाचा कागद त्यांनी खिडकीजवळ टाचला, भिंग डोळ्याला लावलं, कोरणी हातात घेतली. भरीव दांडे त्यांनी जसेच्या तसे उतरवले. त्यात काही बोट ठेवायला जागा नव्हती. प्रश्न होता बारीक रेघांचा. अशी रेघ पोलादावर किती बारीक ठेवायची, हे कागद ठरवत नाही, कोरणाऱ्याचा हात ठरवतो. फार बारीक ठेवली तर शिशाच्या खिळ्यात ती टिकत नाही, छापखान्यात दाबाखाली तुटते. म्हणून शहाणा कारागीर ती जरा जाड ठेवतो. जरा म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्याचा जाब कुणी विचारत नाही.

श्यामरावांनी ती जरा जाड ठेवली. मग पुढच्या ठशाला आणखी जरा. आपण सावधगिरी बाळगतोय असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि एकदा सांगून भागलं नाही, प्रत्येक ठशाला नव्यानं सांगावं लागलं. कोरणी कच खात होती त्या प्रत्येक जागी एक जरासं समाधानही होतं, आणि ते सावधगिरीचं नव्हतं. 'ए'चा नुसता टेकवलेला पाय आता चांगला रोवला गेला. 'एस'चं विरणारं टोक विरेनासं झालं. 'आर'नं पाय पुढं टाकला होता खरा, पण नाचणारीच्या पायात कुणी गमबूट चढवावेत तसा.

ठसा कसा उतरलाय ते बघायची रीत साधी असते. ठशाचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, त्यावर काजळी बसली की गुळगुळीत पुठ्ठ्यावर दाबायचं. अक्षर सुलटं, काळंकुळकुळीत उमटतं. श्यामरावांनी झालेल्या सगळ्या ठशांचे छाप एका पुठ्ठ्यावर घेऊन नंदीबाबूंपुढं ठेवले.

नंदीबाबूंनी पुठ्ठा जवळ धरला, लांब धरला. "छानच. पण कागदावर जरा वेगळं वाटत होतं का हो?"

"पोलादात उतरताना थोडं होतंच."

"तेही खरं. तुम्हाला जास्त कळतं." आणि त्यांनी पुठ्ठा परत दिला. जे आवडलं होतं ते कुठं गेलं, हे त्यांना कळलं नाही. आपल्यालाच तेव्हा उगीच जास्त आवडलं असेल, असंच त्यांनी ठरवलेलं दिसलं. अक्षर आता बरं होतं, चारचौघांसारखं. कुणी त्याला पहिल्या पानावर नाव देऊन मिरवलं नसतं.

श्यामरावांना हवं होतं ते हेच. तरी पुठ्ठा त्यांनी पिशवीत घालून घरी आणला. का आणला, ते त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित पोरीनं भांडावं असं त्यांना वाटत असेल. ती म्हणाली असती, बाबा, तुम्ही माझं अक्षर मारलंत, तर त्यांच्यापाशी उत्तर तयार होतं. शिसं, दाब, छापखाना, सगळं.

शैला तांदूळ निवडत होती. तिनं हात पुसले, पुठ्ठा घेतला. उजेडाकडे तोंड करून तिनं तो पाहिला, एकेक अक्षर, घाई न करता. मग म्हणाली, "छान झालंय, बाबा."

आणि पुठ्ठा परत देऊन तांदूळ निवडायला बसली.

श्यामराव तसेच उभे राहिले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ते शब्द, ती मान कलती करणं, ते मऊ हसू. वर्षभर दर थोड्या दिवसांनी ते आपला कागद तिच्यापुढं धरत आले होते. बघ, 'एम' जमला का? आणि दरवेळी ती म्हणाली होती, "छान झालंय, बाबा." अगदी अशीच. ते त्यावर फुगत, जेवताना बायकोला सांगत, शैलालाही आवडलं म्हणून. आज तोच आवाज तिनं एका मेलेल्या अक्षरासाठी काढला, आणि मेलेलं आहे हे तिला कळलंय हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

म्हणजे तिला आधीपासून सगळं कळत होतं तर. वर्षभर.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. कालिंदीबाईंनी विचारलं, "पोट बिघडलं का?" ते म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत जाऊन त्यांनी सगळे ठसे पुन्हा बाहेर काढले. एक बरं होतं, पोलाद अजून तापवून, पाणी देऊन कडक केलेलं नव्हतं. ते मऊ होतं. पोलाद कमी करता येतं, वाढवता येत नाही, आणि त्यांनी तर कमी करायचंच शिल्लक ठेवलं होतं. ते कोरायला बसले. पोरीसाठी नव्हे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पोरीचं भलं करायचं वगैरे काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना तिच्या तोंडून पुन्हा 'छान झालंय, बाबा' ऐकायचं नव्हतं, बस. तिनं केसाएवढी काढलीय ना रेघ? आपण केसाहून बारीक ठेवू. बघू या मग कागद मोठा की पोलाद.

आणि तुटू नये म्हणून जे करायला हवं, ते त्यांनी आता केलं. आधीही करता आलं असतं. रेघेची वरची कड तेवढी बारीक ठेवायची आणि खाली पोलाद उतरतं ठेवत जायचं, डोंगराच्या धारेसारखं. धार अगदी बारीक, पण तिच्याखाली डोंगर. छापताना फक्त धारेला शाई लागते. हे वेळखाऊ काम. श्वास सोडतानाही हात हलतो, म्हणून श्वास रोखून कोरावं लागतं. शेजारचे कारागीर चहाला हाक मारून कंटाळले. एकजण तर म्हणाला, "दादा, एवढं जपून तर कुणी सोन्यातही कोरत नाही." श्यामरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. 'एस'चं टोक विरत नेताना त्यांना कळलं, आपल्या कागदावर हे का नव्हतं. आपण रेघ संपवायला घाबरत होतो. पोर घाबरली नव्हती. हे कळून त्यांना आनंद झाला नाही. आणखीच झोंबलं.

काम झालं तेव्हा त्यांनी नंदीबाबूंना छाप दाखवला नाही. आधी घरी नेला.

शैलानं पुठ्ठा हातात घेतला. तिचं बोट 'एस'च्या टोकापाशी गेलं. काजळी फिसकटेल म्हणून तिनं ते मध्येच आवरलं. पुठ्ठा तिनं तिरपा धरला, मग डोळ्यांच्या अगदी जवळ आणला.

"बाबा, हे कसं केलंत?"

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. श्यामराव पाटावर बसले. पाय लांब केले. त्यांना एकदम भूक लागल्यासारखं झालं. "जमतं," ते म्हणाले. "हाताला सवय लागते."

"हे तर माझ्या कागदावरही एवढं बारीक नव्हतं. तुटणार नाही?"

"त्याची काळजी तू नको करूस." मग थोडं थांबून, कालिंदीबाईंना आतपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "तसं तुझं मूळ चांगलं होतं. ह्या 'आर'चा पाय घे. मी कोरता कोरता म्हटलं, अरे, हा तर आपला 'र'! लहानपणी तुला बोरू धरायला मीच शिकवलं ना. दर रविवारी. बाहेर सगळं बंगाली, पोरीचं मराठी जाईल म्हणून. तुझा हात माझ्या हातात धरून गिरवून घ्यायचो. ते कुठं जातंय! हातात राहतंच."

शैलाला मनापासून हसू आलं. "नाही हो, बाबा! बोरूनं तुम्ही काय रागवायचात, मी नुसती घाबरायचे. हा पाय तर मासीमांचा."

"कुणाचा?"

"खालच्या मासीमांचा. दर गुरुवारी लक्ष्मीसाठी दारात त्या पिठाची अल्पना काढतात ना? तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, त्यात बोट बुडवून. मी पायरीवर बसून बघते. वेल काढताना बोट दाबलं की रेघ जाड येते, आणि पीठ संपत आलं की आपोआप बारीक होत होत जाते. त्या थांबतच नाहीत, बाबा. पीठ संपलं की रेघ संपली. ते मी चोरलं."

आतून कालिंदीबाई म्हणाल्या, "वाढू का?"

श्यामरावांनी पाय जवळ घेतले. "थांब जरा," ते म्हणाले.

घरमालकीण होत्या त्या मासीमा. तोंडात दात नाहीत, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, भाडं उशिरा दिलं की जिन्यात उभ्या राहून सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या. इंग्रजी तर सोडाच, बंगाली अक्षरही त्यांना येत नव्हतं. आणि आपण दर रविवारी पोरीचा हात धरून घाम गाळला, तो कुठं गेला?

नंदीबाबूंनी दुसरा छाप पाहिला आणि खुर्चीतून उठले. हेच ते, म्हणाले, हेच मला दिसलं होतं. 'शैला' हे नाव त्यांनी त्याच दिवशी नक्की केलं. आणि श्यामरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाग्यवान आहात." श्यामराव बरं म्हणाले. फाउंड्रीत पेढे वाटले गेले तेव्हा त्यांनीही एक खाल्ला. गोड होता.

गुरुवारी सकाळी ते अंघोळ करून, डबा घेऊन निघाले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकले. मासीमा उंबऱ्यापाशी उकिडव्या बसून अल्पना काढत होत्या. वाटीत कालवलेलं पांढरं पीठ, बोटांत त्यात भिजवलेला कापडाचा बोळा, आणि करंगळीशेजारच्या बोटावरून पीठ उतरत होतं. बोट जमिनीवर टेकलं, दबलं, वळलं. वेल फुगली. मग बोट पुढं सरकत राहिलं आणि वेल बारीक होत गेली, आणखी बारीक, आणि जमिनीत कुठं मिसळली ते दिसलंच नाही. म्हातारी तिकडे पाहतही नव्हती. ती गवळ्याला शिव्या देत होती, दुधात पाणी म्हणून.

श्यामराव पायरीवर बसले. डबा बाजूला ठेवला.

"काय श्यामबाबू, आज कामावर सुट्टी?" मासीमांनी विचारलं.

"नाही. मासीमा, ती वेल परत एकदा काढा बरं."

"परत? तीच? तीच कशी निघेल! दुसरी निघेल." त्यांनी बोट पुन्हा पिठात बुडवलं. "आणि जरा सरका. तुमची सावली लक्ष्मीच्या पावलांवर पडतेय."

ते सरकले. वरच्या दारात शैला आली होती, शिकवणीला निघालेली. बाप पायरीवर बसलेला पाहून तिला गंमत वाटली असावी. "बाबा, तुमची ट्राम जाईल. काय बघताय?" असं म्हणत ती दोन पायऱ्या उतरली, आणि त्यांच्या शेजारी बसायला पदर सावरू लागली.

"तू जा," श्यामराव मान न वळवता म्हणाले. "तुझं बघून झालंय."